कापलेला कोपरा

दामोदर गणवीर कोणाच्या लग्नाला जात नसत, पण लग्नपत्रिका मात्र हक्काने मागून घेत. सौंसरमध्ये कुठे मांडव पडणार असल्याचं कळलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी हे सायकलवरून त्या दारात हजर. "जेवाले नाही बलावलं तरी चालंल, पत्रिका देजा एक. अन् तिच्यावर हळदीकुंकू लावू नका बाप्पा, अक्षर बुजते." यजमानाला हसावं की रागवावं ते कळायच्या आत हे पत्रिका उजेडाकडे धरून, मान वाकडी करून बघायला लागलेले असत. नवरा कोण, नवरी कोण, मुहूर्त कधीचा, यातलं काही त्यांच्या डोक्यात शिरत नसे. एकदा त्यांच्या सख्ख्या साळ्याच्या मुलीची पत्रिका आली. ती त्यांनी आठ दिवस उशाशी ठेवली, तिच्यातल्या 'श'च्या गाठीचं येईल-जाईल त्याच्यापाशी कौतुक केलं आणि लग्नाची तारीख टळून गेली. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पुढे किती दिवस अबोला धरला ते मला ठाऊक नाही, पण गणवीरकाकाजींना त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. "मी अक्षर पायतो, मजकूर नाही पायत," ते म्हणत. "मजकूर पायनारे गावात पुष्कळ आहेत."

ते एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होते. लाकडी खणांतून शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उचलायचे, हातातल्या पट्टीत एकेक ओळ जुळवायची, छपाई झाली की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात सोडायचे, हे काम त्यांनी जन्मभर केलं. अंगाने काटकुळे, उजवा अंगठा कायमचा काळा, आणि सदऱ्याच्या खिशात घडीची छोटी कात्री. ती कात्री त्यांच्या जिवाभावाची. कुठेही बरं अक्षर दिसलं, मग ते औषधाच्या खोक्यावर असो की खताच्या पोत्यावर, की कात्री बाहेर यायची. दुकानदार त्यांना लांबून बघूनच माल आत सरकवत.

माझी आणि त्यांची ओळख संत्र्याच्या पेट्यांनी करून दिली. रामाकोन्याच्या रस्त्यावर आमचा लहानसा बगीचा होता आणि आम्ही राहायचोही तिथेच. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. पेट्यांवर बाबांचं नाव उमटवायचा पत्र्याचा साचा त्या वर्षी तुटला, म्हणून मी ब्रशने नावं घातली. बाबा माल घेऊन सौंसरच्या स्टँडाजवळ ट्रकची वाट बघत बसले होते, तर एक माणूस पेट्यांसमोर उकिडवा बसून मान वाकडी करून बघतोय. बाबांना वाटलं, माल खराब निघाला.

"हे कोनं काढलं?"

"पोरीनं काढलं. काऊन, काही चुकलं का?"

"'म'चं पोट भरून टाकलं तिनं. पन हात चांगला आहे. छापखान्यात पाठवा तिले."

"छापखान्यात कायले?"

"शिकाले."

बाबांनी फीस काय म्हणून विचारलं. "दर गुरुवारी एक कोरं पोस्टकार्ड," असं उत्तर आलं. बाबांना हा माणूस थोडा सटकलेला वाटला, पण निरुपद्रवी वाटला. मी तेव्हा अकरावीत होते. शाळा सुटली की छापखान्यात जायला लागले.

पोस्टकार्ड कशाला, ते पहिल्याच गुरुवारी कळलं. अक्षरकलेवरचं एकही पुस्तक सौंसरमध्ये नव्हतं. पांढुर्ण्यातही नव्हतं. नागपूरला होती म्हणे, पण ती विकत घेणं आमच्या दोघांच्याही आवाक्यातलं नव्हतं. काकाजींना त्याची खंत नव्हती. त्यांनी माझ्यापुढे बिस्किटाचा एक रिकामा पुडा टाकला आणि म्हणाले, "तळाशी पाय." तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात कोणा छापणाऱ्याचं नाव नि गाव होतं. "दुनियेत जे जे छापून राहिले ना बेटा, त्याच्या तळाशी पत्ता रायते. कोनी वाचत नाही. आपन वाचाचा. अन् त्याले कार्ड टाकाचं."

कार्डावर तीनच ओळी लिहायच्या. मी कोण, मी काय शिकते, आणि तुमच्याकडे टाकून द्यायचं जे असेल ते मला पाठवा. चौथी ओळ लिहिली की ते खोडायला लावत. "लंबी कहानी सांगतली का तो मानूस कार्ड बाजूले ठेवते, मंग ते बाजूलेच रायते." दर आठवड्याला आम्ही असं एक कार्ड टाकायचो. खिळे ओतणाऱ्या कारखान्यांना, शाई बनवणाऱ्यांना, कॅलेंडरवाल्यांना, दिल्लीतल्या परदेशी वकिलातींना. आणि आश्चर्य म्हणजे उत्तरं यायची. खिळेवाल्यांकडून अक्षरवळणांचे मोठमोठे तक्ते आले. शाईवाल्यांनी रंगांच्या पट्ट्या पाठवल्या. एका वकिलातीने गुळगुळीत कागदाचं मासिक वर्षभर सुरू ठेवलं. त्यातली भाषा आम्हाला दोघांनाही कळत नव्हती, आणि काकाजींच्या मते ते फार चांगलं होतं, कारण मजकुराचा अडथळाच नाही. एका बियाण्याच्या कंपनीने मात्र पिशवीवरच्या अक्षराऐवजी मूठभर भेंडीचं बी पाठवलं. ते आम्ही बगीच्याच्या धुऱ्यावर, बांधाला, लावलं.

एकदा तर गंमतच झाली. खिळ्यांच्या एका कारखान्याला वाटलं, सौंसरला कोणी मोठा छापखाना काढतोय. त्यांचा विक्रेता भर एप्रिलमध्ये टाय बांधून बसने आला आणि 'गणवीरसाहेबां'ची चौकशी करत छापखान्याच्या दारात उभा राहिला. काकाजींनी त्याला माठातलं पाणी दिलं, चहा दिला, पंख्याखाली बसवलं आणि खिळा कसा ओततात, शिशात आणखी काय काय घालतात, साचा कोण कोरतो, असं एकेक विचारत दोन तास सोडलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "तर मग ऑर्डर किती लिहू?" काकाजी अगदी सरळपणे म्हणाले, "ऑर्डर कायची? आमी तं शिकून राहिलो." तो बिचारा आधी ओशाळला, मग मोठ्याने हसला, आणि जाताना स्वतःजवळचं नमुन्यांचं जाड पुस्तक टेबलावर ठेवून गेला. त्या पुस्तकावर माझं पुढचं सगळं शिक्षण उभं आहे.

फुकट मिळवायचे त्यांचे काही नियम होते. मागताना लाजायचं नाही. एक मिळालं तर दोन मागायचे नाहीत. आणि मिळालेल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचं : कुठून आलं, आणि हात कोणाचा. हात कोणाचा म्हणजे अक्षर कोणी काढलं. ते कळलं नसेल तर 'हात ठाऊक नाही' असं लिहायचं, पण जागा मोकळी सोडायची नाही. "फुकट आनलं म्हनून बेवारस नाही करत कोनाले," ते म्हणत. सगळे नमुने एका पत्र्याच्या पेटीत असत. रविवारी ते मला घेऊन जामसांवलीला जायचे. लोक मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत, आणि आम्ही देणगीदारांची नावं कोरलेल्या फरशांवर गुडघे टेकून कागद-कोळशाने ठसे घेतोय. काकाजी बौद्ध. पुजाऱ्याने एकदा हसत विचारलं, "काय गणवीर, देवाच्या पाया पडाले आले का?" हे म्हणाले, "ज्यानं हा 'ज्ञ' कोरला त्याच्या पडाले आलो." पुजाऱ्याने त्यांना पाणी टाकून फरशी धुऊन दिली, ठसा स्वच्छ यावा म्हणून.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात त्यांनी एका वर्तमानपत्रातून एक जाहिरात कापली. मथळ्याचं वळण त्यांना आवडलं होतं. पाठीवर लिहायला म्हणून ती माझ्या हातात आली आणि मी मजकूर वाचला. नागपूरच्या एका कलाशाळेत उपयोजित कलेच्या वर्गासाठी प्रवेशपरीक्षा होती. बाहेरच्या राज्यातल्या मुलांना मोजक्याच जागा, आणि सौंसर राज्याच्या हद्दीपलीकडे. मी अर्ज केला. बाबांनी नाही म्हटलं नाही, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "यंदा नंबर लागला तं जाजो. नाही लागला तं पुन्हा हा विषय घरात काढाचा नाही." बाबा एकदा बोलले की बोलले. मला ते पुरतं माहीत होतं.

बगीच्यात टपाल धड पोचत नसे, म्हणून अर्जावर मी छापखान्याचा पत्ता घातला होता. पुढचे पंधरा-वीस दिवस मी रोज जाऊन विचारायची आणि रोज काकाजी नाही म्हणून मान हलवायचे.

त्या गुरुवारी मी सकाळपासून मैत्रिणीकडे होते. बाबा कपाशीच्या बियाण्यासाठी पांढुर्ण्याला गेले होते. दुपारी घरी आले तर अंगणात आजूबाजूच्या बगीच्यांतल्या बाया जमलेल्या. आई ओल्या केसांनी मधोमध बसलेली. मला बघून तिने हंबरडा फोडला. "तुही मावशी गेली वं सुमन! कौसल्या गेली!"

कौसल्यामावशी नागपूरला होती. आईची धाकटी बहीण. महिनाभर दवाखान्यात होती, हे खरं होतं. मी आईच्या गळ्यात पडून रडले. बराच वेळ रडले. मग कोणीतरी सांगितलं की शेजारच्या बगीच्यातले शामराव कार्ड घेऊन आले होते. कार्ड नागपूरचं होतं आणि त्याचा कोपरा गेलेला होता.

आमच्याकडे मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. असं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं. आईला वाचता येत नव्हतं, शामरावांनाही नाही, आणि वाचायची गरजही वाटली नाही. नागपूर म्हटल्यावर तिला सगळं कळलं. तिने ते कार्ड अंगणातच फाडलं आणि संत्र्याच्या झाडांना पाणी चालू होतं त्या पाटात सोडून दिलं.

माझं रडणं मधेच थांबलं ते शामरावांच्या एका वाक्याने. ते बाजूला कोणाला तरी सांगत होते, "मले काय मालूम बाप्पा. गणवीरनं देलं छापखान्यात, सुमनले देजो म्हने."

मावशीकडची पत्रं बाबांच्या नावाने पटवाऱ्याकडे यायची. छापखान्यात फक्त माझं टपाल यायचं. मी उठले. आईला काही सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच धीर होत नव्हता. सायकल काढली आणि त्या उन्हात सौंसर गाठलं.

काकाजी खणांपुढे उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आलं ना वं तुहं कार्ड! काय सुंदर मुद्रा आहे त्या शाळेची!"

"काकाजी, कार्डाले कोपरा होता का?"

"होता म्हंजे? हा पाय ना!" आणि त्यांनी मोठ्या अभिमानाने पत्र्याच्या पेटीतून एक तिकोनी तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूला कलाशाळेची छापील मुद्रा, तिच्याखाली शाईने लिहिलेला जावक क्रमांक. पाठीवर पेन्सिलीने 'नागपूर. हात ठाऊक नाही.' कडा कात्रीने कापलेल्या, अगदी सरळ.

मावशी जिवंत होती. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच शाईच्या डब्यावर बसून हसायला लागले. हसता हसता काय झालं ते सांगितलं. काकाजींचं तोंड आधी उघडं पडलं, मग पांढरं झालं. "माह्या हातानं जितं मानूस मारलं मी," ते म्हणाले. "कोपरा कापला अन् कोपरा काय असते हे ध्यानातच नाही आलं." त्यांनी खिशातली कात्री काढून टेबलाच्या खणात टाकली. तेवढ्यात माझं हसू थांबलं, कारण दुसरी गोष्ट तेव्हा कुठे माझ्या लक्षात आली.

"काकाजी, कार्डात काय लिहिलं होतं?"

तीस वर्षं ज्याचा त्यांना अभिमान होता, तेच आता आडवं आलं होतं. "मी वाचलं नाही वं, बेटा."

परीक्षा कधी, कुठे, किती वाजता, काहीच माहीत नाही. मूळ कार्ड तर चिखलात विरघळलेलं. मी म्हटलं, उद्या नागपूरला जाऊन विचारते. पण उद्याच असली तर? कालच होऊन गेली असली तर? मला बाबांचं बोलणं आठवलं आणि मी पुन्हा रडायला लागले. या खेपेला स्वतःसाठी.

काकाजींनी पट्टी डाव्या हातात घेतली. "वाचलं नाही," ते म्हणाले, "पन पायलं तं आहे." आणि डोळे मिटून त्यांनी उजवा हात खणांकडे नेला.

मी आजवर अनेक कसबी माणसं पाहिली. असं पुन्हा पाहिलं नाही. त्यांची बोटं एका खणातून दुसऱ्या खणात जात होती आणि ओळ जुळत होती. मधेच थांबायची, मागे यायची, एखादा खिळा परत टाकून दुसरा उचलायची. "इथं जोडाक्षर होतं, लंबं... खाली शिक्का होता, जांभळा... दुसऱ्या ओळीत जागा सुटली होती, अन् हातानं आकडे." जिथे आठवेना तिथे ते कोरा खिळा घालून पुढे जात. पाच ओळी झाल्या. त्यांनी त्यावर शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून दाबला आणि प्रूफ काढलं.

मग आम्ही दोघांनी ते वाचलं. मजकूर वाचण्यासाठी म्हणून त्यांनी कागद डोळ्यांपुढे धरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. बोट ठेवून, शाळकरी मुलासारखे, मोठ्याने वाचत होते. परीक्षा कलाशाळेत नव्हतीच. दुसऱ्याच एका शाळेच्या इमारतीत होती. कार्ड सोबत आणावे, असं शेवटी होतं. तारखेच्या जागी त्यांनी पेन्सिलीने कारकुनाच्या वळणातले आकडे काढून दाखवले. दोन आणि आठ. त्या दिवशी सत्तावीस तारीख होती.

"उद्या!" मी ओरडले. "अन् किती वाजता?"

तिथे ते अडले. एकच आकडा होता, घाईत लिहिलेला. तो एक होता की नऊ? दुपारी एक असेल तर आठच्या बसनेही जमत होतं. सकाळी नऊ असेल तर पहाटेची पहिलीच बस. त्यांनी आठवेल तसा तो आकडा पुन्हा पुन्हा काढला. मग माझ्या हातातला तो कापलेला कोपरा मागून घेतला. जावक क्रमांकात दोन ठिकाणी एक होता. "हे पाय," ते म्हणाले. "हा कारकून एकाची शेपटी सरळ सोडते. दोन्ही जागी. अन् तिथं आकडी होती खाली, मले पक्की याद आहे. नऊ. बिलकुल नऊ."

मला सायकलवर एकटीला घरी पाठवायला ते तयार नव्हते. पण आईपुढे जायचीही त्यांना हिंमत होत नव्हती. शेवटी आले. अंगणातल्या बाया अजून तशाच होत्या. काकाजी फाटकातच उभे राहिले, हात जोडले. "वयनी, तुमची बहीन जिती आहे. कोपरा मी कापला." आईला आधी काही समजेना. मी कोपरा दाखवला, मुद्रा दाखवली, सगळं दोनदा सांगितलं. आईने तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला, आणि मग तिने जे केलं ते कोणालाच अपेक्षित नव्हतं. ती काकाजींवर रागावली नाही. ती हात जोडून त्यांनाच म्हणाली, "देवासारखे आले तुमी भाऊ." बाया पदराने डोळे पुसत हसायला लागल्या. कोणीतरी चुलीवर चहा ठेवला.

पहाटेच्या बसने मी आणि बाबा नागपूरला गेलो. बाबा रात्री परतल्यावर त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली होती आणि लगेच सदऱ्यावर इस्तरी फिरवली होती. त्या शाळेच्या फाटकात पोचलो तेव्हा मुलं आत जात होती. नऊला दहा कमी. काकाजींची शेपटी बरोबर निघाली होती. फाटकावरचा माणूस कार्ड मागत होता. मी कोपरा पुढे केला. त्याने तो बोटांत धरून बघितला. "बाकीचं कार्ड कुठाय?"

बाबा शांतपणे म्हणाले, "संत्र्याच्या झाडाले देलं."

त्याला काय वाटलं कोण जाणे. पण त्याने यादीत जावक क्रमांक ताडून पाहिला, माझं नाव सापडलं, आणि मला आत सोडलं. ज्या कोपऱ्यापायी कार्ड पाटात गेलं, त्याच कोपऱ्याने मला आत नेलं, हे माझ्या लक्षात आलं ते पेपर हातात पडल्यावर. पेपरात देवनागरीतली पाच वळणं काढायची होती. त्यातली चार मी जामसांवलीच्या फरशीवर आणि लग्नपत्रिकांवर गिरवलेली होती. पाचवं विक्रेत्याच्या पुस्तकातलं. मी इतक्या हलक्या हाताने नंतर कधी परीक्षा दिली नाही.

नंबर लागला.

कौसल्यामावशी त्या दिवाळीत सौंसरला आली, टुणटुणीत. खोटी मरणवार्ता उठली की आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात, आणि मावशीने ते स्वतःच्या बाबतीत अगदी पक्कं धरलं होतं. काकाजी फराळाचं घ्यायला आले आणि नेहमीसारखे ओट्यावरच टेकले. इतकी वर्षं येत होते, पण आत कधी आले नव्हते. ते आले नव्हते आणि आम्हीही कधी आग्रह केला नव्हता. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. मावशीने ते बघितलं आणि आतूनच आवाज दिला, "ज्यानं मले कात्रीनं मारलं त्याले बाहेर काऊन बसवलं वं? आत आना त्याले. मले पाहू द्या माह्या यमाले." आणि स्वतः येऊन हाताला धरून त्यांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन गेली. काकाजी पाटावर बसले, पण अनारसं न खाता त्याच्यावरची खसखसच निरखत राहिले. मग हळूहळू खुलले. पुढे मावशी आली की तिची पहिली चौकशी "माहा यम कुठी आहे?" अशीच असायची.

मात्र कात्री त्यांनी पुन्हा खिशात ठेवली नाही. अक्षर आवडलं की पातळ कागद लावून छाप घ्यायचे आणि मूळ कागद ज्याचा त्याला परत. मी सुट्टीत आले की म्हणायची, "आता पुरे झालं काकाजी, मावशी ठणठणीत आहे." ते मान हलवायचे. "तिनं माफ केलं. कोपऱ्यानं नाही केलं."

माझं शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा ते पांढुर्ण्याला मुलाकडे राहायला गेले. डोळे अधू झाले होते. पेटी त्यांनी आधीच माझ्याकडे पाठवून दिली होती. तिच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं होतं, 'आलेल्या विद्यार्थ्यास बघू द्यावे. नेऊ देऊ नये. पाठीवर वाचावे.' माझ्या वर्गातली मुलं नागपूरला ती पेटी बघायला माझ्या खोलीवर यायची आणि कोणाला तरी कार्ड टाकायचा नाद घेऊनच जायची.

दशक संपत आलं असताना, हिवाळ्यात, मी घरी आले. हातपाय धुऊन बसते तोच आई म्हणाली, "तुह्या नावाचं कार्ड येऊन पडलं आहे, पंधरा दिवस झाले." बाबा माझ्या नावाची कार्डं वाचत नसत, घराचे हात एकदा पोळलेले होते. आईने कोनाड्यातून, देवाच्या तसबिरीमागून, ते काढून माझ्या हातात दिलं. "मले वाचता येत नाही, पन मी चारी कोपरे पायले. शाबूत आहेत. म्हटलं, चांगलीच खबर असंल. म्हनून जतन करून ठेवलं."

कार्ड छापील होतं. अक्षर बघताच मला हात ओळखू आला. प्रत्येक ओळीतली सुटलेली जागा, विरामचिन्हांआधी ठेवलेली ती केसाएवढी फट. तसं जुळवणारा एकच माणूस मला माहीत होता. फक्त तारीख वेगळ्या, कोवळ्या हाताने शाईत भरलेली होती.

मी आईला वाचून दाखवलं.

'दामोदर गणवीर, कंपोझिटर, यांचे दि. — रोजी निधन झाले. कार्डाचा कोपरा मुद्दाम ठेवला आहे. कार्ड फाडू नये. अक्षर बरे वाटल्यास ठेवावे.'

आई उठली. मला वाटलं, आता ती कार्ड बाहेर न्यायला सांगेल आणि डोक्यावरून पाणी घेईल. ती न्हाणीपर्यंत गेलीही. मग परत आली, माझ्यासमोर बसली आणि पदराने तोंड पुसलं. मी रडत होते, आणि रडताना मला फार हायसं वाटत होतं. इतकी वर्षं त्या माणसाच्या मनावर असलेलं त्याने जाण्याआधी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलं होतं.

"पंधरा दिवस देवामागं होता बिचारा," आई म्हणाली. "राहू दे. त्यानं फाडू नका म्हटलं ना."

मी पेन्सिल मागितली. कार्डाच्या कडेला, पत्त्याच्या बाजूला, थोडी मोकळी जागा होती. तिथे लिहिलं : 'पांढुर्णा. हात : दामोदर गणवीर.'